तेरा दिवस नंबर काटायचा न्हाई

मी कॉम्प्युटर सायन्सची पदवी पहिल्या वर्गात मिळवली, आणि ती मिळवताना एक बाई नाहीशी केली. असं कुणाला सांगितलं की समोरचं माणूस लगेच समजूत घालायला लागतं. तू लहान होतीस, तुझा काय दोष, दुष्काळच तसला होता. मला या समजुतीचा राग येतो. दुष्काळ होता हे खरंच आहे, पण दुष्काळानं कुणाचा नंबर टाइप केला नव्हता. तो मी केला होता, आणि तोही दोन बोटांनी, कारण धड टायपिंगसुद्धा मला तेव्हा येत नव्हतं.

आमचं गाव घाटनांदूरच्या पुढं. वडील शाळेत शिपाई. आमच्या वस्तीतून कॉम्प्युटरला गेलेली मी पहिलीच, त्यामुळं घरात माझा तोरा फार होता. आई पाणी आणायला निघाली की मी वही उघडून बसायचे, म्हणजे मला कुणी हाक मारू नये. अंबाजोगाईच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आमच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, कॉम्प्युटरवर फडकी टाकलेली असायची, आणि लाइट गेली की सगळे आपापल्या जागी तसेच बसून राहायचे, जणू उठलो तर जागा जाईल.

एक सर आम्हाला सिस्टिम शिकवायचे. बाकीच्यांसारखे ते पुस्तकातून उतरवून देत नसत. फळ्यावर मोठा गोल काढायचे आणि म्हणायचे, "आधी हे ठरवा. आत काय घेणार, बाहेर काय सोडणार. जे बाहेर सोडाल ते तुमच्या सिस्टिमला दिसणार नाही. ते आहे हे सुद्धा तिला कळणार नाही." आम्ही वहीत गोल काढले. माझा मी कंपासनं काढला होता. सर वही बघून म्हणाले, गोल चांगला आहे, पण आत काय घेतलंय ते लिहिलं नाहीस. मला वाटलं, गोल चांगला आला हे महत्त्वाचं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असायचा. सगळी पोरं-पोरी वरच्या वर्गाचा जुना प्रोजेक्ट घेऊन त्यावर आपलं नाव टाकायची. लायब्ररीची सिस्टिम, हॉस्पिटलची सिस्टिम, त्यात एकाही पुस्तकाची किंवा पेशंटची खरी नोंद नसायची. मला ते नको होतं. मला खरंच चालणारं काहीतरी करायचं होतं. म्हणजे खरं सांगायचं तर मला इतरांपेक्षा वेगळं दिसायचं होतं.

आणि त्या वर्षी आमच्या माळावर छावणी पडली.

पाऊस दोन वर्षं नीट झालेला नव्हता. विहिरी तळाला गेलेल्या. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून ऊसतोडीला गेली होती. जी माणसं मागं राहिली त्यांना जनावरं सांभाळणं होईना, म्हणून आमच्या भागातल्या सहकारी सोसायटीनं चारा छावणी काढली. बांबू रोवून वर हिरवी जाळी, खाली दाव्याला बांधलेली जनावरं, आणि प्रत्येक जनावराजवळ त्याचं माणूस. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आणि त्याच नंबरचं कार्ड मालकाच्या हातात. कार्ड दाखवलं की उसाच्या शेंड्याचे हिरवे वाढे, पेंड, आणि माणसाला टँकरच्या दोन घागरी पाणी. मांडवात झोपायला जागाही त्याच कार्डावर. ज्याचं जनावर आत, तो आत. साधा नियम होता.

सोसायटीचे चेअरमन वडिलांच्या ओळखीचे. मी त्यांना भेटून म्हणाले, तुमचं रजिस्टर मी कॉम्प्युटरवर करून देते. ते लगेच हो म्हणाले. "तालुक्याचे साहेब मदीमदी येऊन जनावरं मोजायलेत, बाई," ते म्हणाले. "कावून, तर आमच्यावर भरवसा न्हाई. कॉम्प्युटरवर आलं की कोन काय बोलंल?" त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल दिलं, इन्व्हर्टर दिला, आणि माझ्यासाठी एक खुर्ची कुठूनशी मागवली. त्या खुर्चीवर बसले की मला अंगात आल्यासारखं व्हायचं.

रजिस्टर होतं आप्पांकडं. आप्पा सत्तरीचे, लिंगायत, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. आधी त्यांचं दोर-दाव्यांचं दुकान होतं, ते मुलाकडं देऊन ते सोसायटीत लिहायला बसायचे. मी सकाळी गेले की "जय भीम, आप्पा" म्हणायचे. ते "शरणार्थी, बाई" म्हणायचे आणि रजिस्टर माझ्याकडं सरकवायचे. कॉम्प्युटरचा त्यांनी कधी हेवा केला नाही. एकदा फक्त म्हणाले, "लिहिलेलं खोडलं तर खोडल्याचं दिसतंय. तुज्या त्या डब्यात दिसतंय का?" मी म्हणाले, दिसत नाही, एकदम स्वच्छ होतं. ते "बरं" म्हणाले.

दोनशे चौदा नंबरची मावशी मला त्याच दिवसांत भेटली. पंचावन्न-साठीची, विधवा, एक तांबडी गाय घेऊन आलेली. दोन मुलं आणि सुना ऊसतोडीला, पार कोल्हापूरच्या पलीकडं. जाताना त्यांनी घराला कुलूप लावलं आणि आईला छावणीत आणून सोडलं. "कारखाना बंद झाला की घ्यायला येतो. तवर इथून हलू नको," असं थोरल्यानं बजावून सांगितलं होतं. मावशीकडं फोन नव्हता. दर शनिवारी दुपारी थोरल्याचा फोन आप्पांच्या मोबाइलवर यायचा, आणि ती आप्पांच्या टेबलाशी उभी राहून, मोबाइल दोन्ही हातांनी धरून, मोठ्यानं बोलायची. अख्ख्या छावणीला कळायचं की गाय बरी हाय, मी बरी हाय, धाकट्याला म्हनावं कोयता जपून चालव.

एके दिवशी ती माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्या डब्यात माजी गाय हाय व्हय?"

मी दाखवली. नंबर, रंग, वय, दात. तिला वाचता येत नव्हतं, पण तांबडी हा शब्द मी बोट ठेवून वाचला तेव्हा ती हसली.

"आन् मी?"

"तुमचं नाव आहे की. मालक म्हणून."

"अगं माय. मालकीण झाले म्हना की," ती म्हणाली, आणि शेजारणीला सांगायला गेली. मला तिचे हात आठवतात, चाऱ्याच्या पात्यांनी कापलेले. तिचा आवाज आठवतो. जातानाची तिची पाठ आठवते. एवढं सगळं आठवतं म्हणूनच पुढचं सहन होत नाही.

दीडेक महिन्यात माझा प्रोग्राम तयार झाला. सकाळी आप्पा हजेरी घेत, मी ती भरत असे. मग मी एक गोष्ट केली जी कुणी सांगितली नव्हती. जनावरांचे डॉक्टर मेलेल्या जनावराची चिठ्ठी देत, त्या सगळ्या चिठ्ठ्या मी वेगळ्या भरल्या आणि रजिस्टरशी ताडून पाहिल्या. काही नंबर डॉक्टरांकडं मेलेले आणि आप्पांकडं जिवंत निघाले. मेलेल्या जनावरांपुढं रोज चारा पडत होता. रजिस्टर पुन्हा पाहिलं तर त्या प्रत्येक नंबरापुढं पेन्सिलीनं एक बारीक टिंब होतं.

मला खरंच आनंद झाला. चोरी सापडली असं वाटलं. मी आप्पांसमोर रजिस्टर ठेवून म्हणाले, "हे काय आहे, आप्पा?"

ते मुळीच गोंधळले नाहीत. "सुतक हाय," ते म्हणाले. "तेरा दिवस नंबर काटायचा न्हाई."

"जनावराचं कसलं सुतक? आणि तुमच्यात तर माणसाचंसुद्धा पाळत नाहीत."

"आमच्यात न्हाई. तुमच्यात बी न्हाई. छावनीत हाय." मग त्यांनी चष्मा काढला आणि मला समजावून सांगितलं. जनावर मेलं की त्याच दिवशी नंबर काटला, तर त्याच दिवशी माणूस बाहेर. जाणार कुठं? घराला कुलूप, गावात पाणी नाही. तेरा दिवस हातात असले की काही ना काही लागतं. कुणाला लग्नाला जायचं असतं, कुणाला दवाखान्यात, तो आपली जनावरं दुसऱ्याच्या हवाली करतो. ज्याचं जनावर गेलं त्याचे हात रिकामे असतात, त्याला ती द्यायची. त्या जनावराच्या कार्डावर तो राहतो. "आजवर एक बी मानूस भाएर काढलं न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो असायलाच पाहिजे होता.

मला सगळं समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नको आहे. वर्गात सर जे शिकवत होते तेच आप्पा टिंबांनी चालवत होते. माझ्या प्रोग्रामला एक रकाना वाढवायचा होता, मेल्याची तारीख आणि पुढं तेरा दिवसांची सवलत. दोन तासांचं काम. चेअरमनना विचारलं असतं तर तेही नाही म्हणाले नसते, साहेबांशी बोलले असते, काही वाट काढली असती.

पण माझा प्रोजेक्टचा रिपोर्ट बांधायला गेला होता. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, तीन प्रती. त्यात सगळ्या आकृत्या छापून झाल्या होत्या, आणि त्या आकृत्यांमध्ये जनावराला दोनच अवस्था होत्या, चालू आणि बंद. रकाना वाढवला असता तर आकृती चुकली असती, पानं बदलावी लागली असती, बांधणी उसवावी लागली असती. मला सोनेरी अक्षरं उसवायची नव्हती. एवढ्याच कारणासाठी मी आप्पांना म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये असं करता येत नाही."

ते म्हणाले, "येत नसंल तर काय इलाज."

ते माझ्यावर विश्वास ठेवत होते. अजून चीड येते ती याची.

त्याच आठवड्यात मावशीची गाय गेली. पोट फुगलं, डॉक्टर येईस्तोवर संपली. आप्पांनी रजिस्टरात टिंब दिलं आणि मावशीला सांगितलं, तू बस जिथं हायेस तिथं. घाटनांदूरच्या एका माणसाच्या दोन शेळ्या आणि एक कालवड होती, तो हप्त्याभरानं मुलीच्या बाळंतपणाला जाणार होता. ती कालवड मावशीला द्यायची असं त्यांचं ठरलेलंही होतं. मला हे नंतर कळलं.

गाय जाऊन चार दिवस झाले आणि पाचव्या दिवशी सकाळी तपासणी आली. मोठे साहेब येणार होते. चेअरमननी मला सांगितलं, आज सगळं कॉम्प्युटरवरून दाखवा. आप्पा ट्रॅक्टर घेऊन वाढे आणायला घाटनांदूरला गेले होते. मी यादी काढण्याआधी एक बटण दाबलं, ते मीच बनवलेलं होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांप्रमाणं मेलेले नंबर एकदम बंद करायचं. साहेबांनी यादी पाहिली, मांडवात जाऊन बिल्ले मोजले, आकडा बरोबर जुळला. ते म्हणाले, "अशी पोरगी प्रत्येक छावणीत पाहिजे." चेअरमननी चहा मागवला.

साहेब गेले आणि टँकर आला. पाण्याजवळचा माणूस त्या दिवसापासून माझ्या छापील यादीवरून पाणी द्यायला लागला होता. थोड्या वेळानं माझ्या टेबलाशी कुणी येऊन उभं राहिलं.

"बाई, माजा नंबर बघा की. चालत न्हाई म्हनत्यात."

मी मान वर न करता विचारलं, "कितवा?"

"दोनशे चौदा."

मी टाइप केला. "बंद झालाय, मावशी."

"बंद म्हंजी?"

"गाय गेली ना तुमची?"

"गेली की."

"मग बंदच होणार ना."

ती तिथंच उभी राहिली. तिची सावली कीबोर्डवर पडली होती आणि मला अक्षरं दिसत नव्हती, सहीसाठी साहेबांकडं पाठवायला मी यादीची दुसरी प्रत काढत होते. मी म्हणाले, "मावशी, जरा उजेड सोडा."

तिनं उजेड सोडला. "बरं, बाई," असं म्हणाली. मी यादी काढली.

दुपारी आप्पा ट्रॅक्टरवरून उतरले आणि वाढे उतरवून घ्यायच्या आधीच विचारलं, "दोनशे चौदावाली कुठं हाय?" तिच्या जागेवर तिचं बोचकं नव्हतं. शेजारीण म्हणाली, दोनशे चौदा बंद झाला म्हणाली आणि गेली, आम्ही पाणी भरत होतो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं. मला वाटलं आता हे फाडफाड बोलतील, आणि मी मनातल्या मनात उत्तर तयार केलं, की नियम नियम असतो. ट्रॅक्टर तसाच वळवून ते तिच्या गावाला गेले. घराचं कुलूप जसंच्या तसं होतं. अंगणात कुणाचं पाऊल नव्हतं.

दुसरा दिवस गेला. तिसरा दिवस शनिवारचा होता.

फोन आला तेव्हा आप्पा पुन्हा तिला शोधायला बाहेर होते आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून गेले होते. सगळ्या छावणीला ती रिंग माहीत होती. बायका वळून बघायला लागल्या. मी उचलला.

"आप्पा, आईला द्या जरा."

"आप्पा बाहेर गेलेत," मी म्हणाले.

"तुमी कोन?"

"कॉम्प्युटरवाली."

"हां, हां. आई सांगत होती तुमचं. लई कौतिक करती. जरा द्या की तिला."

मी स्क्रीनकडं पाहिलं. तिथं दोनशे चौदापुढं बंद लिहिलेलं होतं, दुसरं काहीच नव्हतं. मी म्हणाले, "त्या इथं नाहीत, दादा." तो म्हणाला, पाणी भराया गेली का, मग मी नंतर करतो. मी हो म्हणाले. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला, आणि खरं सांगण्याचं काम संध्याकाळी आप्पांवर टाकलं.

मुलं आली. मुकादमाशी भांडून, काम टाकून दोघंही आले. पोलिसांत तक्रार झाली. अंबाजोगाईच्या रस्त्याला एका बाईला चालताना पाहिलं असं कुणी म्हणालं, परळीच्या स्टेशनावर बसलेली पाहिली असं दुसरं कुणी म्हणालं. ती मुलांना शोधत कोल्हापूरकडं निघाली असावी, असं शेवटी सगळ्यांनी ठरवलं. ती सापडली नाही. आजपर्यंत नाही.

आप्पा मला एवढंच म्हणाले, "तुजं चुकलं न्हाई, बाई. मीच त्या दिवशी घाटनांदूरला गेलतो." छावणी उठेपर्यंत त्यांनी त्यांच्या रजिस्टरात दोनशे चौदा काटला नाही, आणि तिच्या रिकाम्या जागेपुढं रोज सकाळी वाढ्याची एक पेंढी टाकली. ती शेजारच्या बैलानं खाल्ली तरी त्यांनी कधी त्याला हाकललं नाही. माझं काम संपलं होतं तरी मी ते बघायला रोज जायचे. कशाला जायचे कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी आप्पा वारले.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. ते रिपोर्ट चाळत म्हणाले, खोट्या नोंदी पकडल्या, वा, प्रत्यक्ष उपयोग झालेला दिसतो. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तुमच्या सिस्टिमची मर्यादा काय? पाठ केलेलं उत्तर होतं, इंटरनेट नसल्यामुळं एकाच कॉम्प्युटरवर चालते. मी तेच दिलं. आमचे सर शेजारी बसले होते. त्यांना छावणीतलं सगळं कळलेलं होतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मला पैकीच्या पैकी मार्क दिले. त्या मार्कांचा मला आयुष्यात सगळ्यांत जास्त राग आहे.

मग पुण्यात नोकरी लागली. मोठ्या कंपनीसाठी मी लोकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिस्टिम बनवते. माझ्या हाताखालच्या पोरांना मी फार छळते असं म्हणतात. कुठलीही नोंद बंद करायची असेल तर मी विचारते, बंद झाल्यावर तो माणूस कुठं जाणार? ते एकमेकांकडं बघून हसतात. हसोत. आणि माझ्या कीबोर्डवर कुणाची सावली पडली की माझे हात थांबतात. मान आपोआप वर होते. समोर चहावाल्या ताई असतात, नाहीतर माझा साहेब असतो. दरवेळी क्षणभर मला वेगळंच कुणी दिसतं, आणि त्याचं तोंड दिसायच्या आत ते नाहीसं होतं. घरी मी याबद्दल बोलत नाही. आईला एकदा सांगितलं तर ती म्हणाली, आपण भूत-बीत मानत नाही. मीही मानत नाही. न मानून काही फरक पडत नाही.

सहा-सात वर्षांनी दिवाळीला गावी गेले होते, तेव्हा तिचा थोरला मुलगा आमच्या घरी आला. तोडीला निघायच्या आधी आला होता. केस पांढरे व्हायला लागलेले. वडिलांनी त्याला खाट दिली, पाणी दिलं. तो म्हणाला, "ताई, आई गेली ती तारीख पायजे होती. आप्पांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. पोलिसांत आमी गेलतो ती तारीख हाय, पर काय करायचं ते आई निघाली त्या दिवशी करावं, असं भाऊकीचं म्हननं हाय. छावनीतून निघाली तीच तिथी धरायची. तुमच्या कॉम्प्युटरात असंल."

कॉम्प्युटरात आता काही नव्हतं, पण बांधलेल्या रिपोर्टात होतं. शेवटी नमुन्यादाखल मी एक यादी जोडली होती, त्या तपासणीच्या दिवशीचीच. बंद केलेले नंबर, तारीख, वेळ, बंद करणाऱ्याचं नाव. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते पान मी हट्टानं आत घालून घेतलं होतं. म्हणजे बांधणी उसवता येत होती. मी रिपोर्ट काढला. तो ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेला.

"इथं तुमचं नाव हाय," तो म्हणाला.

"हो. मीच बंद केला होता."

मी वाट पाहत राहिले. इतकी वर्षं मला कुणीतरी बोलावं असं वाटत होतं, आणि बोलायचा हक्क असलेला माणूस समोर बसला होता. वडील मान खाली घालून बसले. त्यानं ती ओळ पुन्हा बोट फिरवून वाचली. मग म्हणाला, "म्हंजी शेवटचं तिला तुमीच बघितलं."

मी रिपोर्टाचं पान हातानं दाबून धरलं.

"कसलं लुगडं होतं तिच्या अंगावर? तवा पोलिसांनी इचारलं, तर आमाला सांगता येईना. कुनालाच ध्यानात न्हाई. तिथीला लुगडं ठिवावं लागतंय, म्हनून इचारतो."

मला सांगायचं होतं, की मी वर पाहिलंच नव्हतं. तिला मी उजेड सोड म्हणाले होते. तो इतक्या आशेनं माझ्याकडं बघत होता की माझ्या तोंडातून "जांभळं" असं निघालं. का जांभळं, मला आजही सांगता येणार नाही. त्यानं तो शब्द दोनदा म्हणून घेतला, तारखेचा मोबाइलवर फोटो काढला, आणि माझ्या वडिलांना हात जोडून गेला.

ती तारीख फेब्रुवारीत येते, म्हणजे ऐन तोडीच्या हंगामात. म्हणून ते दरसाल तिथी उसाच्या फडावरच करतात. दरवर्षी मला त्याचा फोन यायचा, ताई, जेवायला या. मी कामाचं कारण सांगायचे. यंदा त्यांची टोळी पुण्यापासून दीड तासावरच्या एका कारखान्याला होती, आणि मला कारण सुचलं नाही. आमच्यात श्राद्ध-पक्ष नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. तरी मी गेले.

तोडलेल्या उसाच्या रानात तोडकऱ्यांनी राहायला बांधलेल्या पाचटाच्या कोप्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. बाकीची टोळी फडात होती, हे दोघं भाऊ आणि दोन्ही सुना तेवढे थांबले होते. कोपीपुढं सारवून घेतलं होतं. त्यांनी मला पोत्यावर बसवलं आणि केळीच्या पानावर वाढलं, भात, वरण, वडे, खीर. मला वाटलं मी पाहुणी म्हणून बसले आहे. मग धाकटा म्हणाला, "आईच्या जागी दरसाली कुनाला ना कुनाला बसवतो. टोळीतली एखादी म्हातारी. यंदा तुमीच बसा. तिला शेवटचं बघितलेलं मानूस तुमीच."

थोरल्या सुनेनं माझ्या पायावर पाणी घातलं. मी पाय मागं घेतले तर म्हणाली, घेऊ नका. मग तिनं एक घडी माझ्या मांडीवर ठेवली. जांभळं लुगडं होतं, बारीक काठाचं.

"ह्योच रंग घेतो," ती म्हणाली. "दुकानदार दुसरे दावतो, पर आमी न्हाई घेत. पयल्या सालापसून आत्याबाई सपनात येत्यात माज्या. आदी कदी येत न्हवत्या. तुमी सांगितल्यापसून येत्यात. ह्येच लुगडं नेसलेलं असतंय. उभ्या राहत्यात, बोलत काय न्हाईत."

थोरला माझ्याकडं बघत होता. चौघंही बघत होते. मी पहिला घास घेतल्याशिवाय त्यांना जेवता येणार नव्हतं.

"असंच होतं ना, ताई?" त्यानं विचारलं.

मी लुगड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो. असंच होतं."